जरा कळ काढा

'अंगठाबहाद्दर' हा शब्द माझ्या लहानपणी अगदी शिवी नसला, तरी शिवीच्या शेजारघरी राहणारा होता. ज्याला सही करता येत नसे तो कागदावर शाईचा अंगठा उठवी, आणि शिकलेली माणसे त्याच्याकडे पाहून गालातल्या गालात हसत. त्या हसणाऱ्यांवर काळाने आता चांगलाच सूड उगवला आहे. प्राध्यापक काय, वकील काय, मामलेदार काय, ज्याला पाहावे तो अंगठ्यावर जगतो आहे. अंगठ्याने निरोप धाडायचा, अंगठ्याने भाजीवालीचे पैसे द्यायचे, अंगठ्याने बातमी वाचायची आणि आवडली तर शेवटी अंगठाच दाखवायचा! पूर्वी 'अंगठा दाखवणे' म्हणजे साफ नकार देणे. आता तो होकार झाला आहे. शब्दांचे दिवस फिरतात ते असे.

वर्षभर या सदरात मी शब्दांच्याच तक्रारी ऐकत असते. दिवाळीच्या अंकात मात्र संपादक थोडी मोकळीक देतात, आणि जागाही थोडी अधिक देतात. म्हणून या खेपेला शब्दाऐवजी एक वस्तू घेतली आहे. वस्तू फार लहान आहे. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी. तुमच्या खिशातल्या किंवा पिशवीतल्या मोबाइलच्या कडेला ती बसलेली आहे. तिच्यावर बहुधा काही लिहिलेले नसते. मोबाइल चालू करायचा तो तिने, झोपवायचा तो तिने, आणि तो अडून बसला तर त्याला ताळ्यावर आणायचा तोही तिनेच. या बटणाला आपल्याकडचा जुना शब्द आहे 'कळ'. मोठा गमतीदार शब्द. कळ म्हणजे युक्ती, कळ म्हणजे यंत्राचा खटका, कळ म्हणजे पोटात येते ती वेदना. 'कळ काढणे' म्हणजे भांडण उकरून काढणे, आणि 'जरा कळ काढ' म्हणजे थोडा धीर धर! एवढ्या एका अक्षरजोडीत आजच्या यंत्रांचे सगळे शास्त्र साठवून ठेवल्यासारखे मला वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी जुन्या खटक्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. विजेरीचा खटका पुढे सरकवला की उजेड पडे, मागे ओढला की अंधार. रेडिओची डावीकडची गोल कळ फिरवली की प्रथम 'खट्' असा आवाज येई, मग रेडिओ जागा होई, आणि तीच कळ पुढे फिरवीत नेली की आवाज चढे. अमेरिकेत १९५४ साली 'रीजन्सी टीआर-१' नावाचा पहिला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर बाजारात आला, त्याचीही कळ याच घराण्यातली. त्या 'खट्' आवाजाला फार अर्थ होता. आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर झाल्या, विजेचा रस्ता तुटला, संपले. रेडिओला त्यात काही बोलायची सोय नव्हती. गायक तानेच्या मध्यावर असो, की पंतप्रधान भाषणाच्या शेवटावर असोत, घरमालकाने कळ पिळली की सगळे गप्प. माणूस हुकूम करीत होता आणि वस्तू तो पाळीत होती. भिंतीवरचे दिव्याचे बटण आजही याच जुन्या वळणाचे आहे. त्याच्याकडे नुसते पाहिले तरी ते चालू आहे की बंद, हे कळते.

मोबाइलच्या बटणाचे तसे नाही. ते वर किंवा खाली राहत नाही. दाबले की आत जाते, सोडले की आपल्या जागी परत येते. त्याच्या चेहऱ्यावरून आतले काहीच कळत नाही. याचे कारण असे की ते विजेचा रस्ता तोडीतच नाही. ते फक्त वर्दी देते.

वर्दीचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. बटणाखाली धातूची एक अगदी लहान, घुमटासारखी चकती असते. आपण दाबतो तेव्हा तो घुमट खाली बसतो. बोटाला जी बारीकशी 'टिक्' जाणवते ती त्याची. पण धातू धातूवर आपटला की तो किंचित उसळतो. जमिनीवर टाकलेला चेंडू स्थिर होण्याआधी चार टप्पे घेतो, तसेच. हे टप्पे सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत होऊन जातात. आपल्याला ते कळत नाहीत, पण यंत्राला कळतात, आणि एकदा दाबलेले बटण त्याला चार वेळा दाबल्यासारखे वाटू शकते. म्हणून यंत्र लगेच विश्वास ठेवीत नाही. जरा कळ काढते. टप्पे थांबले, बोट खरोखरच बटणावर आहे, अशी खात्री झाली की मग ती वर्दी पुढे जाते. पुढे वीजपुरवठ्याची व्यवस्था पाहणारी एक वेगळी चकती बसलेली असते. सगळा मोबाइल झोपला तरी हिचा एक डोळा उघडा असतो. देवडीवरचा रखवालदारच म्हणा ना. तो ती वर्दी आत मुख्य कारभाऱ्याकडे नेतो. कारभारी म्हणजे मोबाइल चालवणारी आज्ञावली. ती विचार करते. नुसते टिचकीसारखे दाबले असेल, तर पडदा काळा करायचा. थोडा वेळ दाबले असेल, तर मालकाला विचारायचे की, 'बंद करायचा आहे की पुन्हा सुरू करायचा आहे?' मालकाने उत्तर दिले की मग आवराआवर, आणि मगच अंधार.

म्हणजे पूर्वी आपण हुकूम सोडीत होतो, तिथे आता आपण अर्ज करतो.

हा बदल प्रथम टेबलावरच्या संगणकात झाला. तिथे आधी मोठा खटका असे, तो दाबला की वीज सरळ तुटे. विंडोज ९५ वापरलेल्या मंडळींना नारिंगी अक्षरांतली ती सूचना आठवत असेल. यंत्र आपली आवराआवर करी, आणि 'आता बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाचे एक वाक्य काळ्या पडद्यावर लिहून मालकाच्या हाताची वाट पाहत बसे. मला त्या सूचनेत एक प्रकारची खानदानी अदब वाटे. शेवटचा हात मालकाचाच, हे तिला मान्य होते. त्याच १९९५ साली इंटेल कंपनीने संगणकाच्या आतल्या रचनेचा 'एटीएक्स' नावाचा नवा नमुना ठरवला. त्यात वीज बंद करण्याची किल्ली यंत्राच्याच हाती देण्याची सोय झाली. तेव्हापासून पुढच्या बाजूचे बटण म्हणजे दाराची घंटा झाली. घंटा आपण वाजवायची, दार आतल्या माणसाने लावायचे.

यात यंत्र बनवणाऱ्यांचे काही चुकले, असे मी म्हणणार नाही. त्यांची बाजू भक्कम आहे. किराणा दुकानाचा मालक रात्री दुकान बंद करतो, तेव्हा तो मधेच दिवा मालवून घरी जात नाही. गल्ला मोजतो, खतावणी लिहितो, उघडी पोती झाकतो, मग फळ्या लावतो. वहीत एक रक्कम अर्धी लिहिली असताना कोणी दिवा फुंकला तर उद्या हिशेब जुळायचा नाही. संगणकाचे आणि मोबाइलचेही तसेच आहे. त्याच्याजवळ दोन प्रकारची स्मरणशक्ती असते. एक पाटीवरची आणि एक वहीतली. चालू काम तो पाटीवर करतो, कारण पाटी झटपट लिहिता-पुसता येते, पण वीज गेली की पाटी आपोआप कोरी होते. वहीतले मात्र वीज गेली तरी टिकते. पाटीवरचा मजकूर वहीत उतरवून होत असताना वीज तुटली, तर ते पान बिघडण्याची भीती असते. म्हणून 'बंद करा' या अर्जावर निर्णय घेण्यापूर्वी यंत्र थोडा वेळ मागते. हा वेळ आपल्याच भल्यासाठी असतो.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. कारभारीच बेशुद्ध पडला तर? अर्ज कोणाकडे करायचा?

यंत्रे गोठतात. आपली मुले म्हणतात, 'मोबाइल हँग झाला.' पडद्यावर एखादे चित्र तसेच्या तसे राहते, बोट फिरवले तरी ते हलत नाही. आतल्या आज्ञा एकमेकींत अशा अडकलेल्या असतात की बटणाची वर्दी ऐकायलाही कोणी मोकळे नसते. अशा वेळी 'बंद करायचा का?' हे विचारणाराच जागेवर नाही, तेव्हा बंद कसा करायचा? पूर्वीच्या मोबाइलची पाठ नखाने उघडता येई, आतली बॅटरी काढून पुन्हा बसवली की यंत्र निमूटपणे कामाला लागे. २००७ साली पहिला आयफोन आला तोच मुळी पाठ बंद केलेला, आणि पुढे बहुतेक कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. यंत्र पातळ झाले, पाणी आत शिरेनासे झाले, आणि मालकाचा हातही आत शिरेनासा झाला.

म्हणून यंत्रकारांनी एक चोरवाट ठेवली आहे. बटण थोडा वेळ नव्हे, बराच वेळ दाबून धरायचे. मग ती वर्दी कारभाऱ्याकडे जातच नाही. देवडीवरचा रखवालदार स्वतःच्या अधिकारात वीज तोडतो, किंवा तोडून पुन्हा जोडतो. त्याला कारभाऱ्याची सही लागत नाही. संगणकासाठी हा नियम १९९६ साली लेखी ठरला. बटण चार सेकंदांहून अधिक काळ दाबून धरले, तर आत काहीही चाललेले असो, यंत्राने बंद व्हायचे. अँड्रॉइडच्या बऱ्याच मोबाइलांत चालू-बंदचे बटण आणि आवाज कमी करण्याचे बटण ही दोन्ही मिळून दहा-पंधरा सेकंद धरावी लागतात. काहींत एकच बटण पुरते. २०१७ च्या आयफोन ८ पासून ॲपलने तर एक लहानसा तालच बसवला आहे. आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडायचे, आवाज कमी करण्याचे दाबून सोडायचे, आणि मग उजव्या कडेचे बटण पडद्यावर सफरचंद उमटेपर्यंत धरून ठेवायचे. झपतालापेक्षा सोपे आहे, पण शिकवणारा पाहिजे.

हे इतके अवघड का केले, असे कोणी विचारील. अवघड केले ते जाणूनबुजून. पुन्हा सुरू करण्याची कळ फार सोपी असून चालत नाही. ती पिशवीतल्या किल्लीचा धक्का लागून दाबली जाता कामा नये. म्हणून प्रत्येक पिढीने तिच्यावर निरनिराळा पहारा बसवला. काही गणकयंत्रांच्या पाठीवर आणि घरोघरच्या इंटरनेटच्या डब्यांवर एक बारीक भोक असते. त्यात टाचणी घातल्याशिवाय आतली कळ दबत नाही. तो पहारा भोकाचा. आयबीएम कंपनीचा संगणक १९८१ साली आला, तेव्हा तिथले एक अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांनी यंत्र पुन्हा सुरू करण्यासाठी तीन कळा एकदम दाबण्याची युक्ती काढली. त्यांनी प्रथम योजलेल्या तिन्ही कळा एकाच बाजूला होत्या, त्यामुळे एका हाताच्या चुकीनेही त्या दबतील अशी शंका आली. मग त्यांतली एक कळ बदलून दूरची घेतली, म्हणजे दोन्ही हात लागावेत. तो पहारा अंतराचा. मोबाइलवर भोकाला जागा नाही आणि अंतराला तर नाहीच नाही. म्हणून तिथे पहारा बसवला तो काळाचा. अपघाताने लागलेले बोट क्षणात उचलले जाते. ज्याला खरोखर काही हवे आहे, तोच बोट धरून ठेवतो. माणसाच्या अपघातातला आणि इच्छेतला फरक यंत्राने ओळखला तो धीरावरून! 'जरा कळ काढा' हे मी म्हटले ते उगीच नव्हे.

ही सगळी माहिती मला हौसेने मिळालेली नाही. माझी आत्या वाईला एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्याजवळचा साधा, बटणांचा मोबाइल मोडला तेव्हा तिच्या नातवाने मुंबईहून तिला मोठ्या पडद्याचा एक आणून दिला. तिलाही तो आवडला. एका पावसाळ्यात दोन दिवस नुसता धो धो पाऊस लागला होता, वाईत वीज गेली होती, आणि घाटावर कृष्णेचे पाणी चढते आहे, असे बातम्यांत सांगत होते. मी संध्याकाळपासून तिला फोन लावीत होते. लागेना. इकडे मी पुण्यात येरझारा घालीत होते, तिकडे ती कंदिलाच्या उजेडात मोबाइल हातात घेऊन बसली होती. कोणीतरी सकाळी पाठवलेले कमळाचे एक चित्र पडद्यावर आले होते आणि ते जाता जात नव्हते. बटण दाबून पाहिले, पुसून पाहिले, दुसऱ्या हातात धरून पाहिले. जिने आयुष्यभर बंबापासून शिलाईयंत्रापर्यंत सगळे हाताने दुरुस्त केले, तिला एवढीशी वस्तू साधी बंद करता येईना.

सकाळी पाऊस उघडल्यावर शेजारचा नववीतला मुलगा आला. त्याने दोन बटणे धरली, बारा-तेरा सेकंद धरून ठेवली, आणि मोबाइल चालू झाला. मी त्याच दुपारी वाईला पोचले, तेव्हा आत्या रागावलेली होती. मोबाइलवर नव्हे, त्या बारा सेकंदांवर.

"एवढंच होतं, तर कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली. "माझी वस्तू, आणि ती बंद कशी करायची हे शेजारच्या पोराला ठाऊक!"

"पुस्तकात असेल दिलेलं, आत्या."

"पुस्तक आण बरं."

आम्ही खोके शोधले. त्यात एक घडीचा कागद निघाला, मुंगीच्या पायांसारख्या इंग्रजी अक्षरांचा. त्यात सुरक्षिततेच्या सूचना होत्या, बॅटरी विस्तवात टाकू नये असे होते. मोबाइल गोठला तर काय करावे, ते मात्र नव्हते. आत्याने मग पंचांगाच्या शेजारी भिंतीवर एक चिठ्ठी डकवली. 'फोन अडल्यास उजवीकडील वरचे व मधले बटण एकदम दाबून धरणे. रामरक्षेचे दोन श्लोक सावकाश म्हणणे. मग सोडणे.' सेकंद मोजण्याची ही रीत तिच्या आजीपासूनची. दूध किती वेळ ढवळायचे, हेही ती श्लोकांवर मोजते. यंत्रकारांनी काळाचा पहारा बसवला, त्याला असे चोख उत्तर दुसऱ्या कोणी दिले असेल असे मला वाटत नाही.

तेव्हापासून मी या बटणाकडे लक्ष देऊन पाहू लागले. माझी मुख्य तक्रार अशी आहे की ते मुके आहे. फार तर त्याच्यावर एक चिन्ह असते, वर फट असलेले वर्तुळ आणि त्या फटीत एक उभी रेघ. चालू म्हणजे एक आणि बंद म्हणजे शून्य, अशा अंकांवरून ती रेघ आणि ते वर्तुळ आले. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाने १९७३ साली अशा खुणांची यादी छापली, तेव्हा या तुटक वर्तुळाचा अर्थ होता 'यंत्र पुरते बंद नाही, तयारीत बसले आहे.' पुढे २००४ साली अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने त्याच खुणेला नुसता 'वीज' एवढा अर्थ दिला. म्हणजे खूण तीच, अर्थ बदलला, आणि ज्यांच्या बोटाखाली ती होती त्यांना दोन्ही अर्थ कोणी सांगितले नाहीत. शब्दार्थाचा धंदा करणाऱ्या माझ्यासारखीला हे जरा लागतेच.

आणि 'बंद' या शब्दाला तरी आता काय अर्थ उरला आहे? विंडोजच्या २०१२ सालच्या आवृत्तीपासून अशी सोय आली की 'बंद करा' म्हटले तर संगणक आपल्या मनाचा गाभा जसाच्या तसा वहीत उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या उठायला उशीर नको. उलट 'पुन्हा सुरू करा' म्हटले की तो खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतो. परिणामी अडलेला संगणक रात्री बंद करून सकाळी चालू केला तरी अडलेलाच राहू शकतो, आणि 'पुन्हा सुरू' केला की सुधारतो! आयफोनचे तर २०२१ पासून असे झाले आहे की त्याच्या नव्या जाती बंद केल्यावरही आपला ठावठिकाणा कळवू शकतात. हरवलेला फोन सापडायला ती सोय चांगलीच आहे. पण बंद म्हणजे बंद, ही जुनी समजूत आता मोडीत निघाली, हे ध्यानात ठेवलेले बरे.

मराठीला मात्र यात नवल वाटू नये. आपल्या भाषेला 'बंद' म्हणायला पहिल्यापासून जड जाते. आपण दिवा विझवीत नाही, शांत करतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. वाणी दुकान बंद करीत नाही, वाढवतो. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. शेवटाचे नाव घ्यायचे नाही आणि पुन्हा येण्याची वाट मोकळी ठेवायची, हा आपल्या घरांतला जुना संस्कार. यंत्रे तो आता शिकली, इतकेच.

या मुक्या बटणाला आपल्या देशात आणखी एक काम नेमून दिलेले आहे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. केंद्र सरकारने २०१६ साली नियम केला की १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळी मदत मागण्याची कळ असली पाहिजे. बटणांच्या साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरायचा. मोठ्या पडद्याच्या मोबाइलवर त्यासाठी वेगळी कळ नसेल, तर हेच चालू-बंदचे बटण भराभर तीन वेळा दाबायचे. हाक जाते ती ११२ या क्रमांकाला. स्त्रियांच्या सुरक्षिततेचा विचार मनात धरूनच ही योजना झाली. पडदा उघडायला नको, क्रमांक आठवायला नको, मोबाइल पिशवीतून बाहेर काढायलासुद्धा नको. अंधारात बोटाने चाचपून दाबता यावे, यासाठी त्या मुक्या बटणाइतकी योग्य जागा दुसरी नव्हती. पडद्याला डोळे लागतात, कळेला नुसते बोट पुरते.

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात मी मुलींना विचारले, "हे कोणाकोणाला ठाऊक आहे?" जे हात वर झाले ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. याच मुली त्या मोबाइलवर छायाचित्राचा रंग सतरा प्रकारांनी बदलू शकतात. त्यांना बुद्धी कमी नाही, त्यांना कोणी सांगितले नाही. त्या दिवशी धडा बाजूला ठेवून आम्ही प्रत्येकीच्या मोबाइलमधली व्यवस्था पाहिली. कोणाचा तीन वेळा दाबल्यावर हाक मारणारा निघाला, कोणाचा पाच वेळा. एकीच्या मोबाइलमध्ये ती सोय बंद करून ठेवलेली होती. ज्ञानेश्वरीच्या तासाला हे काय, असे कोणाला वाटले असेल तर वाटो. तो तास वाया गेला नाही, अशी माझी खात्री आहे.

सगळीच यंत्रे काही माणसाच्या बोटाची वाट पाहत बसत नाहीत. काहींच्या आत एक लहान घड्याळ बसवलेले असते. कारभाऱ्याने ठरल्या वेळी त्याला 'जागा आहे' असे सांगायचे. गस्तवाल्याने हाळी द्यावी आणि घरातून 'हो' यावा, तसे. 'हो' आला नाही की घड्याळ समजते की आतला माणूस बेशुद्ध आहे, आणि यंत्राला स्वतःच पुन्हा सुरू करते. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. शोधाअंती गंमत अशी निघाली की एका कनिष्ठ कामाजवळ सामाईक कपाटाची किल्ली होती, साहेब त्या किल्लीसाठी खोळंबला होता, आणि मधल्या दर्जाची कामे त्या कनिष्ठाला मोकळे होऊ देत नव्हती. ज्यांनी कचेऱ्या पाहिल्या आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको! साहेबाचे काम वेळेत झाले नाही, हे पाहून यंत्र स्वतःलाच नव्याने सुरू करी. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तसाच संगणक इथे चालवून दोष शोधला आणि दुरुस्ती आकाशातून पाठवली. मंगळावर कोणाचा अंगठा पोचत नाही, म्हणून तिथे अशी सोय केली. वाईला अंगठा आहे, पण त्याला कुठे दाबायचे ते ठाऊक नाही, म्हणून तिथे रात्र काढावी लागते. दूर कोणते म्हणायचे?

युरोपातल्या राष्ट्रसंघाने २०२३ साली एक कायदा केला. खिशातल्या आणि हातातल्या यंत्रांची बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असे त्यात आहे. त्यासाठी मुदत ठरवली ती १८ फेब्रुवारी २०२७ ची. नखाने उघडणारी पाठ जशीच्या तशी परत येईल, असे काही मला वाटत नाही. पण वस्तू विकत घेणाऱ्याचा तिच्यावर शेवटचा हात असावा, हे कोणाला तरी कायद्यात लिहावेसे वाटले, याचे मला बरे वाटते.

एक शब्दभेद मात्र घरोघरी सांगायला हवा, नाही तर माझ्या लेखाने कोणाचे नुकसान व्हायचे. 'पुन्हा सुरू करणे' आणि 'मूळपदावर आणणे' या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत पाटी पुसली जाते, वही तशीच राहते. तुमचे फोटो, तुमची पत्रे, नातेवाइकांचे क्रमांक, सगळे जागच्या जागी. फार तर जे अर्धे लिहिले होते तेवढे जाते. दुसरीत वहीच कोरी होते. मोबाइल दुकानातून आला तसा होतो, आणि तुमची त्याला ओळखही राहत नाही. इंग्रजीत या दोघींची नावे एकमेकींच्या इतकी जवळची आहेत की घाईत एकीऐवजी दुसरीवर बोट पडायला वेळ लागत नाही. पहिलीला घाबरू नका. दुसरीच्या वाटेला जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नका.

व्यापारी माणसाला हा भेद समजावून द्यावा लागणार नाही. लक्ष्मीपूजनाला तो नवी चोपडी मांडतो. हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर 'श्री' काढतो. पान कोरे असते, शाई ताजी असते. पण 'श्री'खाली तो पहिली ओळ लिहितो ती जुन्या वहीतूनच आणलेली असते, मागील पानावरून पुढे आणलेली बाकी. कोणाचे देणे आहे, कोणाकडून येणे आहे, ते विसरून नवे वर्ष सुरू होत नाही. आपण पुन्हा सुरू होतो ते आठवणीसह. ज्या दिवशी ती बाकीही पुसली जाईल, त्या दिवशी दुकान नवे होणार नाही, दुसऱ्याचे होईल.

तेव्हा यंदा पाडव्याला घरातली मंडळी फराळाला एकत्र बसतील, तेव्हा चकलीचा दुसरा तुकडा मोडण्यापूर्वी एक काम करा. घरातल्या वडील माणसाचा मोबाइल त्यांच्याच हातात द्या, आपल्या हातात घेऊ नका. तो अडला तर कोणती बटणे किती वेळ धरायची, आणि मदत हवी असली तर कोणते बटण किती वेळा दाबायचे, हे त्यांच्या बोटांना शिकवा. मदतीची हाक खरोखरच जाऊ नये, म्हणून ती कळ न दाबता नुसती दाखवा. पण पुन्हा सुरू करण्याची कळ एकदा खरोखर दाबू द्या. पडदा काळा होईल, आणि तो पुन्हा उजळेपर्यंत काही क्षण जातील. त्या क्षणांत त्या जरा घाबरतील. तुम्ही काही बोलू नका. तेवढी कळ त्यांना काढू द्या.